चुकून कुणाचा जीव गेला तर: दियत, कफ्फारा आणि कायद्याची जबाबदारी

"अल्लाहची मर्जी होती, त्याची वेळ भरली होती." अपघातानंतर मय्यतीच्या घरी हे वाक्य हमखास ऐकू येतं. दुःखी माणसाला धीर द्यायला ते बरोबरच आहे, तकदीरवर आपला ईमान आहे. पण अनेकदा हेच वाक्य गाडी चालवणाऱ्याच्या घरचे लोक बोलतात आणि तिथे त्याचा अर्थ बदलतो. 'आता पुढे काही काढू नका' असा तो अर्थ होतो. मृत्यूची वेळ ठरलेली आहे असं जे कुरआन सांगतं, तेच कुरआन चुकून झालेल्या हत्येबद्दलही स्पष्ट आदेश देतं. तकदीर आपल्या जागी आणि जबाबदारी आपल्या जागी.

हा आदेश सूरह अन-निसाच्या ९२व्या आयतीत आहे. आशय असा: ज्याच्या हातून चुकून एखादा श्रद्धावंत मारला जाईल त्याने एक गुलाम मुक्त करावा आणि मृताच्या घरच्यांना दियत, म्हणजे रक्तमोल, पोहोचवावं. घरच्यांनी ते सदका म्हणून सोडून दिलं तर गोष्ट वेगळी. गुलाम मुक्त करणं शक्य नसेल तर लागोपाठ दोन महिने रोजे. तफसीरमध्ये साधारणपणे हजरत अय्याश बिन अबी रबीआ (र.) यांची घटना सांगितली जाते. ज्या हारिसने मक्केत त्यांचा छळ केला होता तो पुढे मुसलमान झाला. अय्याश यांना ते ठाऊक नव्हतं आणि त्यांच्या हातून तो मारला गेला.

याच आयतीत आणखी एक गोष्ट आहे आणि आपल्या देशात ती विशेष लक्षात ठेवायला हवी. ज्या लोकांशी मुसलमानांचा करार आहे, त्यांच्यातला माणूस चुकून मारला गेला तरी दियत आणि कफ्फारा दोन्ही सांगितलेत. म्हणजे आपल्या गाडीखाली आलेला माणूस गैरमुस्लिम असेल तर दीनी जबाबदारी संपली, असं अजिबात नाही. हनफी फिकहमध्ये तर अशा माणसाची दियत मुसलमानाच्या दियतीइतकीच धरली जाते.

तीन हिशेब वेगवेगळे

घरांमध्ये सर्वात जास्त गोंधळ होतो तो इथे. एक मृत्यू झाला की तीन हिशेब उघडतात आणि एक चुकता केला म्हणून दुसरा आपोआप मिटत नाही.

पहिला अल्लाहशी असलेला हिशेब. तौबा आणि कफ्फारा यात येतात. वारसांनी माफ केलं, कोर्टाने निर्दोष सोडलं, विमा कंपनीने पैसे भरले, तरी यातलं काही कमी होत नाही. दुसरा वारसांचा, म्हणजे दियत किंवा नुकसानभरपाई. हा बंद्यांचा हक्क आहे. नुसती तौबा करून तो फिटत नाही. तिसरा सरकारचा, म्हणजे गुन्हा आणि शिक्षा. तुमच्या रोज्यांशी न्यायाधीशाला काही घेणं-देणं नाही.

आपल्याकडे बहुतेक वेळा तिसऱ्याचीच चिंता होते. वकील, जामीन, पोलीस स्टेशन यात सहा महिने जातात आणि मृताच्या बायकोकडे कुणी फिरकत नाही. काही घरांत उलटं होतं. मुलगा रोजे धरतो, रडतो, उमऱ्याला जाऊन येतो आणि वारसांचे पैसे मात्र तसेच राहतात.

चूक कशाला म्हणायचं

हनफी फुकहांनी हत्येचे पाच प्रकार केलेत. जाणूनबुजून मारणं, म्हणजे अमद. मारण्याचा हेतू होता पण साधन जीव घेणारं नव्हतं, ते शिब्ह-ए-अमद. खता, म्हणजे चूक: शिकारीवर नेम धरला आणि माणसाला लागलं. चौथा चुकीसारखाच, त्यात हेतू सोडाच, शुद्धही नसते. झोपेत कूस बदलली आणि दुसरा दबून गेला, हे त्याचं जुनं उदाहरण. पाचवा 'सबब', म्हणजे स्वतः मारलं नाही पण मरणाचं कारण उभं केलं. रस्त्यात खड्डा खणला आणि कुणी त्यात पडून मेला. शाफई फिकहमध्ये तीनच प्रकार आहेत: अमद, शिब्ह-ए-अमद आणि खता. रत्नागिरी-रायगडकडची कोकणी मुस्लिम घरं बहुतेक शाफई आहेत आणि घाटावरची बहुतेक हनफी, त्यामुळे पुढे दोन्हींचा फरक आला तर आपापल्या आलिमांना विचारून घ्यावं.

वाहन अपघात साधारणपणे 'खता'त मोडतो. चालकाचा हेतू नव्हता, पण गाडी त्याच्या हातात होती आणि धडक तिने दिली. जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९९३ साली ब्रुनेईतल्या बैठकीत या प्रश्नावर ठराव केला. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या हानीला चालक जबाबदार आहे, हा त्यातला मूळ नियम. अपवादही सांगितले: टाळताच येणार नाही अशी आपत्ती, मृताची स्वतःची चूक, किंवा तिसऱ्याच कुणाचं कृत्य. चूक दोन्हीकडची असेल तर जबाबदारीही वाटली जाते.

याचा अर्थ मुंबईच्या लोकलसमोर कुणी उडी घेतली तर मोटरमनवर ना दियत, ना कफ्फारा. त्याची झोप उडते, जेवण जात नाही, ते खरं आहे. पण मनाला लागलेला घोर म्हणजे शरीयतची जबाबदारी नव्हे. उलट, एखाद्याला काहीच वाटत नसेल तरी सिग्नल तोडून त्याने माणूस उडवला असेल तर जबाबदारी पूर्ण आहे.

दारू पिऊन, मोबाइलवर बोलत, शर्यत लावून गाडी हाकणाऱ्याला 'चूक झाली' म्हणण्याचा किती अधिकार आहे? दियतीच्या दृष्टीने आलिम याला बहुधा खताच धरतात, कारण मारण्याचा इरादा नव्हता. पण गुनाहच्या दृष्टीने दोन्ही एकाच तराजूत बसत नाहीत. ब्रेक फेल होणं आणि रात्री दोनला घाटात रील काढत गाडी पळवणं, या दोन्हींना 'अपघात' हा एकच शब्द वापरणं मला तरी पटत नाही.

दियत किती आणि कुणी द्यायची

मूळ दियत १०० उंट. नगद्यात सांगायचं तर १००० दीनार सोनं, किंवा चांदीत हनफींच्या मते १०,००० दिरहम. आपल्या वजनात १००० दीनार म्हणजे ३७५ तोळे सोनं आणि १०,००० दिरहम म्हणजे सुमारे ३०.६ किलो चांदी. शाफई मतात मूळ उंटच, ते न मिळाल्यास त्यांची किंमत. आजचा भाव लावला की सोनं आणि चांदी यांच्या रकमांत प्रचंड फरक पडतो, म्हणून कशाने मोजायचं हे मुफ्तींकडूनच ठरवून घ्यावं.

एवढी रक्कम रिक्षावाला कुठून देणार? शरीयतने हा प्रश्न आधीच सोडवलाय. चुकीच्या हत्येची दियत एकट्यावर टाकलेली नाही, ती 'आकिला'वर आहे, म्हणजे त्याच्या बापाकडच्या नातलगांच्या गटावर, आणि तीही तीन वर्षांत. हजरत उमर (र.) यांच्या काळात लष्करी नोंदवही, म्हणजे दीवान, सुरू झाल्यावर एका दीवानातल्या लोकांवर ही जबाबदारी आली. हनफी फिकहने ती पद्धत उचलली. म्हणजे आकिला हे केवळ रक्ताचं नातं नाही, एकमेकांचा भार उचलणारा गट आहे. याच धाग्यावर फिकह अकादमीने २००५ च्या दुबई बैठकीत सांगितलं की जिथे असं कुळ उरलेलं नाही तिथे इस्लामी विमा, व्यवसायाच्या संघटना, परस्पर मदतीचे फंड ही जागा घेऊ शकतात.

माझं मत असं की आपल्या जमातींनी हा मुद्दा मनावर घ्यावा. गावोगावी जमातीचे फंड आहेत, लग्नाचे हॉल आहेत, पण चालकाच्या चुकीत गेलेल्या माणसाच्या मुलांसाठी तीन वर्षांच्या हप्त्यांची सोय सहसा नसते.

माफी कोण देऊ शकतो

दियत हा मृताचा तर्का धरला जातो. त्यातून आधी त्याचं कर्ज फिटतं, मग वारसांमध्ये वारसा-हिश्श्याने वाटप होतं. बायको, आई, बाप, मुलं, मुली, ज्याचा जेवढा हिस्सा तेवढा.

यातून एक फार मोठी गोष्ट निघते. प्रत्येक वारस फक्त आपला हिस्सा माफ करू शकतो. चालीसव्याच्या आत चार मोठी माणसं येतात, सासऱ्यासमोर बसतात आणि "अल्लाहसाठी माफ करा" म्हणतात. सासरा मान हलवतो. ठीक, त्याने स्वतःचा हिस्सा सोडला. पण त्या घरात चार वर्षांचा मुलगा आणि सहा महिन्यांची मुलगी असेल तर त्यांचा हिस्सा ना आजोबा सोडू शकतात, ना चाचा, ना आई. नाबालिगाचा हक्क फुकट सोडण्याचा अधिकार वलीलाही नाही. विधवेला गप्प बसवून घेतलेली माफीही माफी नाही. माफ करणं सवाबचं काम आहेच, पण ते मनापासून आणि आपल्या हक्कातलं असेल तर. मध्यस्थी करणाऱ्यांनी निदान वारसांची यादी तरी आधी मागावी.

कफ्फारा: साठ दिवसांचा हिशेब

गुलामी आता उरलेली नाही, म्हणून प्रत्यक्षात कफ्फारा म्हणजे लागोपाठ दोन महिन्यांचे रोजे. चंद्राच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून सुरू केले तर दोन चांद्र महिने, मग ते ५८ दिवसांचे निघोत वा ५९. मध्येच कुठल्या तारखेला सुरू केले तर पूर्ण ६०. कारणाशिवाय एक रोजा सुटला की पुन्हा पहिल्यापासून. बाईची पाळी आली तर साखळी तुटत नाही, पाळी संपताच पुढे सुरू करायचं. आजारपणामुळे सुटला तर हनफींकडे नव्याने धरावे लागतात. मध्ये रमजान, ईद किंवा तश्रीकचे दिवस येणार नाहीत असे महिने निवडावे, उदाहरणार्थ मुहर्रम-सफर. दोन माणसं गेली असतील तर दोन कफ्फारे.

साठ गरिबांना जेवण घातलं की झालं, असं पुष्कळ लोक समजतात. रमजानचा रोजा जाणूनबुजून तोडण्याच्या कफ्फाऱ्यात ती सोय आहे. हत्येच्या कफ्फाऱ्यात आयतीने ती सांगितलेली नाही, आणि हनफी मत व शाफईंचं प्रबळ मत हेच की ती नाही. म्हातारपण किंवा कायमचा आजार असेल तर मुफ्तींशी बोलावं.

'सबब'मध्ये हनफींकडे दियत आहे पण कफ्फारा नाही. शाफई तिथेही कफ्फारा सांगतात. झोपेत आईच्या अंगाखाली तान्हं बाळ दबून गेलं तर दोन्हींकडे कफ्फारा आहे. हे वाचून कुणा आईला आणखी बोचणी लावू नये. त्या मृत्यूत हेतूचा लवलेश नाही आणि ते रोजे आईला मोकळं करण्यासाठीच आहेत. अशा घरात शेजारणींनी मसला सांगायला जाऊ नये, तिने विचारलं तर आलिमांकडे न्यावं.

विरासतीचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. बाप गाडी चालवत होता आणि मागे बसलेला मुलगा गेला, तर हनफी आणि शाफई फिकहनुसार बापाला त्या मुलाच्या मालमत्तेत वारसा मिळत नाही, चूक असली तरी. शिया कायद्यात फक्त जाणूनबुजून मारणारा वंचित होतो.

देशाचा कायदा

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याचं जुनं कलम ३०४ अ होतं, दोन वर्षांपर्यंत कैद. आता कलम १०६(१), पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड. नोंदणीकृत डॉक्टरकडून उपचार करताना झाल्यास दोन वर्षांपर्यंत. अपघात करून न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंतची तरतूद १०६(२) मध्ये आहे, पण जानेवारी २०२४ मधल्या ट्रकचालकांच्या आंदोलनानंतर ते पोटकलम लागू करणं सरकारने थांबवलं. परिणाम काय होईल हे माहीत असून केलेलं कृत्य असेल तर पोलीस कलम १०५, म्हणजे सदोष मनुष्यवध, लावू शकतात. कलम १०६ तडजोडीचं नाही. वारसांनी माफीनामा लिहून दिला म्हणून खटला आपोआप बंद होत नाही.

मोटर वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे चालकाने जखमीला दवाखान्यात न्यायला हवं आणि पोलिसांना लवकरात लवकर, उशिरात उशिरा २४ तासांत कळवायला हवं. "थांबलो असतो तर लोकांनी मारलं असतं" ही भीती कायद्यालाही माहीत आहे. जमावाचा उद्रेक असेल तर जागेवर न थांबण्याची सूट त्याच कलमात आहे. पण मग सरळ पोलीस चौकी गाठायची, घर नव्हे.

अल्पवयीन मुलाच्या हातात चावी देणाऱ्या घरांनी कलम १९९ अ वाचून घ्यावं. मुलाने अपघात केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या कारने दोन तरुण इंजिनियर गेले, तेव्हा ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर सारा देश संतापला होता. पण बापाने गाडी का दिली, हा प्रश्न आपल्या मोहल्ल्यात बुलेटवर तिघं बसून फिरणाऱ्या पोरांच्या घरीही विचारता येईल.

वारसांना पैसे मिळण्याचा रस्ता म्हणजे मोटर अपघात दावा न्यायाधिकरण. कलम १६६ खाली अर्ज करायचा, कायद्यात मुदत सहा महिन्यांची आहे, म्हणून चालीसवा होईपर्यंतही थांबू नये. रक्कम कशी निघते याचा एक नमुना. ३० वर्षांचा माणूस, स्वतःचा छोटा धंदा, महिन्याची कमाई २०,०००. मागे बायको, दोन मुलं, आई. सुप्रीम कोर्टाच्या २००९ आणि २०१७ च्या निकालांप्रमाणे भविष्यातल्या वाढीसाठी ४० टक्के धरायचे, म्हणजे २८,०००. त्याचा स्वतःचा खर्च म्हणून चौथा भाग वजा, उरले २१,०००. वर्षाचे २,५२,०००. या वयाचा गुणक १७. झाले ४२,८४,०००, आणि त्यावर थोड्या ठरावीक रकमा. गृहिणी गेली तर तिच्या घरकामाचीही किंमत धरायची, असं सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये पुन्हा सांगितलं. नाबालिगांचा हिस्सा सहसा बँकेत मुदत ठेवीत ठेवला जातो. हेही फिकहशी जुळतं.

कुणाची चूक हे सिद्ध न करता कलम १६४ खाली मृत्यूसाठी ५ लाख मागता येतात. धडक देणारी गाडी सापडलीच नाही तर सरकारी योजनेतून २ लाख मिळतात, त्याचा अर्ज तहसील किंवा प्रांत कार्यालयात.

"मला तीस-चाळीस हजार द्या, मिटवून टाकू" अशी भाषा ऐकू आली तर हा हिशेब समोर ठेवावा. गाडीला थर्ड पार्टी विमा असेल तर ही रक्कम विमा कंपनी भरते. नसेल तर मालकाच्या घरावर येते. विम्याचे पैसे दियतीत धरायचे की नाही यावर आलिमांत चर्चा आहे. बालिग वारसांनी ती रक्कम समजून-उमजून दियत म्हणून मान्य केली तर सुलहचा मार्ग निघतो. कफ्फारा मात्र विमा कंपनी भरत नाही.

आखातात काम करणाऱ्यांसाठी

कोकणातलं क्वचितच एखादं घर असेल जिथलं कुणी सौदी, कुवेत किंवा दुबईला नाही. तिथे दियत हाच कायदा आहे. सौदीत अपघाती मृत्यूची दियत ३ लाख रियाल, अमिरातीत २ लाख दिरहम अशी धरली जाते. सौदीत चूक टक्केवारीत ठरते आणि दियतही त्या प्रमाणात. गाडीचा विमा संपलेला असेल तर रक्कम चालकाच्या अंगावर येते आणि अनेकदा ती भरेपर्यंत माणूस अडकून राहतो. कफीलची गाडी चालवणाऱ्याने विमा चालू आहे का, हे स्वतः पाहावं.

केरळमधल्या कोळिकोडच्या एका चालकाचं उदाहरण सर्वांना आठवत असेल. मालकाच्या अपंग मुलाचं श्वासाचं यंत्र निसटून तो मुलगा २००६ साली गेला. चालकाला मृत्युदंड झाला. २०२४ मध्ये लोकांनी दीड कोटी रियाल, म्हणजे सुमारे ३४ कोटी रुपये जमवले आणि मृत्युदंड टळला. पण दियत दिली म्हणून तो लगेच घरी आला नाही. वारसांचा हक्क ('हक्क-ए-खास') मिटला तरी सरकारचा ('हक्क-ए-आम') उरतो.

उलट बाजूने, आपला माणूस तिकडे गेला असेल तर दियत वारसांचा हक्क आहे. भारतीय दूतावास आणि कॉन्सुलेट हे दावे हाताळतात. त्यासाठी वारस दाखला आणि मुखत्यारपत्र लागतं.

गाडीशिवायचे मृत्यू

डुकरं येऊ नयेत म्हणून शेताच्या कुंपणात वीज सोडतात आणि पहाटे पाणी द्यायला आलेला शेजारी तारेला चिकटतो. हे दरवर्षी घडतं. फिकहच्या भाषेत हा 'सबब' आहे आणि पोलीस यात सदोष मनुष्यवधाचं कलम लावू शकतात. सेप्टिक टँक साफ करायला विनासाधन माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. गटारात मृत्यू झाल्यास ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दिला. मस्जिद, मदरसा, हाउसिंग सोसायटी, ज्यांनी माणूस बोलावला त्या कमिटीला "ठेकेदाराने उतरवला" म्हणून हात झटकता येत नाहीत. रस्त्यातल्या खड्ड्याचं जुनं उदाहरण तर मुंबई हायकोर्टानेच नवं केलं: २०२५ मध्ये खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख देण्याचा आदेश दिला.

डॉक्टरांबद्दल हदीस स्पष्ट आहे: वैद्यकी येत नसताना उपचार करणारा जबाबदार आहे. शिकलेल्या डॉक्टरने रुग्णाच्या परवानगीने, रीतसर उपचार केले आणि तरी रुग्ण गेला, तर जबाबदारी नाही. सुप्रीम कोर्टानेही २००५ मध्ये डॉक्टरवर फौजदारी खटल्यासाठी ढोबळ निष्काळजीपणा दिसला पाहिजे असं म्हटलंय. गल्लीत डिग्रीशिवाय सलाईन लावणाऱ्याला हे संरक्षण ना इकडे आहे, ना तिकडे.

मुफ्तींकडे जाताना एफआयआर आणि पंचनाम्याची प्रत, वेग, रस्त्याची बाजू, मृताची काही चूक होती का, आणि वारसांची वयासकट यादी सोबत न्यावी. फतवा विचारलेल्या हकीकतीवरच मिळतो. वेग लपवून विचारलं तर मिळालेलं उत्तर दुसऱ्याच कुठल्या तरी अपघाताचं असेल. वकिलाला मात्र विमा पॉलिसी आणि लायसन्स पहिल्याच दिवशी द्यावं.